माकडिणीची गोष्ट

अकबर-बिरबलाची माकडिणीची गोष्ट आठवतेय ना? हौदात माकडीण आणि तिचं पिल्लू. पाणी चढत जातं तशी ती पिल्लाला कडेवर, खांद्यावर, डोक्यावर घेते. आणि पाणी नाकाशी आल्यावर पिल्लाला पायाखाली घालून त्याच्यावर उभी राहते. तात्पर्य काय, तर जिवापेक्षा प्रिय काही नाही. लहानपणी मला हे अगदी पटलं होतं. गेले दोन-तीन वीकेंड जे वाचतोय त्यामुळे आता पटत नाही.

सुरुवात एका फॉर्मपासून झाली. दक्षिण आफ्रिकेत फालाबोरवा गावाजवळ, ओलिफान्ट्स नदीच्या काठी अनाथ बबून माकडांसाठी 'केअर' नावाचं केंद्र आहे. जगभरातले लोक तिथे स्वयंसेवक म्हणून जातात. मीही फॉर्म उघडला. पण सलग काही आठवड्यांची रजा म्हटल्यावर मॅनेजरचा चेहरा डोळ्यांसमोर आला, आणि फॉर्म तसाच राहिला. मग म्हटलं, निदान वाचू तरी.

केंद्राच्या संस्थापक रीटा मिल्यो. जन्म १९३१, जर्मनीतला. १९७२ साली विमान अपघातात नवरा आणि मुलगी दोघेही गेले. १९८० मध्ये अंगोलातल्या एका लष्करी तळावर त्यांना बबूनचं हाल झालेलं पिल्लू दिसलं. परवाना वगैरे काही नसताना त्यांनी ते लपवून दक्षिण आफ्रिकेत आणलं आणि त्याचं नाव ठेवलं बॉबी. मग लोक आणखी पिल्लं आणून द्यायला लागले आणि १९८९ मध्ये केंद्र रीतसर सुरू झालं.

इतकी पिल्लं अनाथ का व्हायची? कारण बबून हा तिथे उपद्रवी प्राणी. शेतात शिरला की गोळी. (आपल्या कोकणातल्या बागायतदारांना विचारा, त्या शेतकऱ्याचीही बाजू कळेल.) आई मेली तरी पिल्लू तिला चिकटलेलंच असायचं.

हे चिकटणं म्हणजे नेमकं काय, हे विज्ञानाला कळलं त्याची किंमतही माकडांनीच मोजली. आणि यात आपला संबंध येतो बरं का! १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या प्रयोगशाळांना लागणारी ऱ्हीसस माकडं मोठ्या संख्येने भारतातून जायची. येताना ती आजारही घेऊन येत. म्हणून विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या हॅरी हार्लो यांनी पिल्लं जन्मताच आईपासून तोडून स्वच्छ पिंजऱ्यात एकेकटी वाढवायला घेतली. पिल्लं तब्येतीने ठणठणीत, पण पिंजऱ्यात अंथरलेलं फडकं काही केल्या सोडेनात. त्यावरून हार्लोंनी दोन खोट्या आया बनवल्या. एक तारेची, दूध देणारी. दुसरी कापडी, दूध नसलेली. पिल्लं दूध पिण्यापुरती तारेकडे जायची आणि उरलेला सगळा वेळ कापडी आईला बिलगून बसायची. १९५८ मध्ये हे जगासमोर आलं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. ही पिल्लं मोठी झाल्यावर दुसऱ्या माकडांत मिसळेनात. माद्यांना पिल्लू झालं तर ते सांभाळता येईना. बिलगायला कापड पुरलं, पण माकड व्हायला दुसरी माकडंच लागतात. भारताने १९७८ मध्ये ही निर्यात बंद केली.

आता परत फालाबोरवाला. तिथे स्वयंसेवकाचं काम काय, तर आई व्हायचं. बाटलीने दूध पाजायचं, दिवसभर अंगावर वागवायचं, रात्री जवळ घेऊन झोपायचं. मग हळूहळू त्याला इतर अनाथ पिल्लांत सोडायचं, आणि स्वतः मागे सरकायचं. माणसाने वाढवलेल्या, एकमेकांशी नातं नसलेल्या बबूनांचा कळप होऊन तो जंगलात टिकेल, यावर तज्ज्ञांचा फारसा विश्वास नव्हता. रीटाबाईंनी नव्वदच्या दशकात तसा कळप जंगलात सोडून दाखवला.

आमच्या धंद्यातही हँडओव्हर असतो. चांगला हँडओव्हर कोणता, तर ज्यानंतर तुम्हाला कोणाचाही फोन येत नाही. प्रोजेक्टच्या बाबतीत हे सोपं आहे हो. पण रात्री आपल्या गळ्यात हात टाकून झोपणाऱ्या जिवाने आपल्याला विसरावं, यासाठी रोज राबायचं... मला जमेल का, खरंच माहीत नाही.

२७ जुलै २०१२ च्या रात्री केंद्रात आग लागली. त्यात ८१ वर्षांच्या रीटाबाई गेल्या. त्यांच्याबरोबर आणखी दोन बबून, आणि बॉबी.

ती हौदाची गोष्ट आता मला निराळी वाटते. पिल्लाला पायाखाली घेणारी माकडीण आपल्या लक्षात राहते. पण हौद कोणी बांधला, पाणी कोणी सोडलं आणि काठावर उभं राहून तात्पर्य कोणी काढलं, हे आपण कधी विचारतच नाही.

असो. सोमवारी रजेचं विचारून बघतो.