घोडबंदरचे दफ्तर: रुमाल, ग्रंथ आणि फोल्डर

वसईच्या खाडीच्या दक्षिण काठावरील घोडबंदर हे आज मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते, आणि तेथील किल्ल्यामुळे त्याचे नाव पोर्तुगीज, मराठे व इंग्रज या तिन्ही सत्तांच्या इतिहासात येते. परंतु या गावाविषयीचे कागद गावात कधीच राहिले नाहीत. जी सत्ता आली तिने आपले कागद आपल्या राजधानीत नेले आणि आपल्या कारभाराच्या सोयीने लावले. ती सोय कधी जहाजांच्या फेऱ्यांची होती, कधी जमाखर्चाची, कधी महसुली ठरावांची. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र किल्ल्याची छायाचित्रे, चित्रफिती, जुन्या नकाशांच्या प्रती, ग्रंथांची पाने आणि वृद्धांच्या तोंडून ध्वनिमुद्रित केलेली गाणी यांचा मोठा साठा घरच्या संगणकावर जमू लागला असून, घोडबंदर हेच ज्याचे शीर्षक आहे असे दफ्तर यामुळे प्रथमच शक्य झाले आहे. ते कसे लावावे, या प्रश्नाला जुन्या दफ्तरांचा इतिहास बराच उपयोगी पडतो.

गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगिजांना दिला, तेव्हापासून या भागाची लेखी नोंद गोव्यात जमू लागली. सिमाँव बोतेल्यु याने १५५४ मध्ये ‘तोंबू’ नावाची नोंदवही तयार केली. तोंबू म्हणजे राज्याच्या मिळकतींची आणि उत्पन्नांची यादी, आणि तीत वसईच्या मुलखाचा महसूल नोंदलेला आहे. पुढे १५९५ मध्ये गोव्यात स्वतंत्र दफ्तरखाना स्थापन होऊन त्याचे प्रमुखपद इतिहासकार दियोगु दु कोतु याच्याकडे आले. या दफ्तरातील सर्वांत प्रसिद्ध मालिका ‘मोंसोइंश दु रैनु’ ही होय. लिस्बन आणि गोवा यांच्यातील पत्रव्यवहार मोसमी वाऱ्यांवर चालणाऱ्या जहाजांनी होत असे, म्हणून त्या त्या मोसमाची पत्रे एकत्र बांधून त्यांचे ग्रंथ केले गेले आणि मालिकेला मोसमाचेच नाव पडले. साहजिकच घोडबंदरच्या एखाद्या बुरुजाचा खर्च शोधणाऱ्या अभ्यासकाला आधी वर्षाचा अंदाज बांधावा लागतो आणि मग त्या वर्षाचा ग्रंथ पानोपान चाळावा लागतो. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी या दफ्तराच्या प्रमुखपदी असताना केलेली आणि १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेली मार्गदर्शिका हाती येईपर्यंत कोणत्या मालिकेत काय आहे हे कळण्याचीही सोय नव्हती. ग्रंथ तेच राहिले, त्यांचा क्रमही बदलला नाही; फक्त त्यांच्यापर्यंत नेणारी वाट तयार झाली. घरच्या संगणकावर संग्रह लावणाऱ्याने पिसुर्लेकरांची ही रीत ध्यानात घेण्यासारखी आहे, कारण बहुतेक जण सूची करण्याआधी मूळ मांडणी मोडतात.

चिमाजी अप्पाने १७३७ मध्ये साष्टीची मोहीम उघडली, तीत ठाणे व घोडबंदर मराठ्यांकडे आले आणि १७३९ मध्ये वसई पडली. आता या गावाचे कागद पुण्याच्या हुजूर दफ्तरात जाऊ लागले. या दफ्तराचे दोन भाग होते: रोजच्या कारभाराचे ‘चालते दफ्तर’ आणि सर्व हिशेब एकत्र करून त्यांचे वार्षिक गोषवारे सिद्ध करणारे ‘एकबेरीज दफ्तर’. आलेला कागद प्रथम एका ठिकाणी उतरवून घ्यायचा, तपासायचा आणि मगच कायमच्या जागी लावायचा, ही या विभागणीमागची दृष्टी आजही चोख वाटते. कॅमेऱ्यातून आलेल्या छायाचित्रांसाठी ‘आवक’ नावाचा एक वेगळा फोल्डर ठेवणारा माणूस नकळत चालते दफ्तरच चालवत असतो. दफ्तराचे कागद पुडक्यांत आणि पुडकी चौकोनी कापडात बांधलेली असत. अशा गाठोड्याला ‘रुमाल’ म्हणत. नाना फडणीसाच्या काळापर्यंत ही व्यवस्था काटेकोर होती, दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत तिची हेळसांड झाली, आणि १८१८ नंतर इंग्रजांनी, विशेषतः इनाम कमिशनच्या कामासाठी, कागद पुन्हा निवडून लावले. जमिनीचा हक्क कोणाचा, एवढाच त्या निवडीमागचा प्रश्न होता. त्यामुळे लढाईचे वर्णन असलेले पत्र कोणत्या रुमालात सापडेल याचा नेम राहिला नाही.

गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले आणि त्यांत वसईच्या मोहिमेला स्वतंत्र खंड मिळाला. मोडी न येणाऱ्या वाचकाला घोडबंदरच्या लढाईपर्यंत पोहोचवणारे ते मोठे साधन होते, आणि त्याचे मोल कोणीही नाकारणार नाही. तरीही विषयवार निवडीत एक गोष्ट हरवतेच: मूळ रुमालात त्या पत्राच्या वर आणि खाली कोणता कागद होता, हे छापील खंड वाचून कळत नाही. युरोपातील दफ्तरशास्त्राने याच अडचणीवर एक तत्त्व शोधले होते. फ्रान्समध्ये १८४१ मध्ये सरकारी परिपत्रकाने असे ठरवले गेले की एका कचेरीतून आलेले कागद एकत्रच ठेवावेत, विषयासाठी त्यांची फाटाफूट करू नये. नेदरलँडमधील तीन दफ्तरदारांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमावलीने, कचेरीने लावलेला आतला क्रमही शक्यतो मोडू नये, अशी त्याला जोड दिली. याला उगमतत्त्व म्हणता येईल. कागद कुठून आला हे त्याच्या अर्थाचा भाग असते, असे हे तत्त्व मानते.

साष्टी १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. त्यांच्या काळाविषयी येथे एकच गोष्ट सांगण्याजोगी आहे: १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये, स्थळांच्या वर्णानुक्रमी यादीत, घोडबंदरला स्वतःचे शीर्षक मिळाले. ते गावाच्या महत्त्वामुळे मिळाले असे नव्हे. वर्णानुक्रम कोणालाच वगळत नाही, एवढेच.

घरच्या संगणकावरील संग्रहात या तिन्ही पद्धती एकदम भेटतात. डिजिटल कॅमेरे आणि फोन आपली छायाचित्रे ‘डीसीआयएम’ नावाच्या फोल्डरात ठेवतात. ही रचना जपानी उद्योगसंघटनेने १९९८ मध्ये केलेल्या मानकातून आली. त्या मानकानुसार फाइलच्या नावात चार अक्षरे आणि चार अंक असतात, त्यामुळे ९९९९ नंतर क्रमांक पुन्हा १ पासून सुरू होतो आणि दोन वेगळ्या वर्षांतील बुरुजांची छायाचित्रे एकाच नावाने समोर येतात. एकावर दुसरे उतरवले की पहिले नाहीसे होते. हे टाळण्यासाठी नावाच्या आरंभी वर्ष, महिना आणि दिवस या क्रमाने तारीख घालण्याची रीत पडली. १९८८ च्या आयएसओ ८६०१ या मानकातही हाच क्रम आहे आणि त्यामुळे नावे लावली की ती आपोआप कालक्रमानेच लागतात. उगम आणि विषय यांचे जुने भांडण मात्र फोल्डरने मिटत नाही, कारण एक फाइल एकाच फोल्डरात राहते. ‘किल्ला’, ‘खाडी’ आणि ‘पावसाळा’ या तिन्हींत बसणारे छायाचित्र कुठे ठेवावे, याला उत्तर म्हणून टॅग आला; टॅग म्हणजे फाइलला जोडलेला शोधशब्द, आणि एका फाइलला असे कितीही जोडता येतात. फोल्डर उगमाप्रमाणे व तारखेप्रमाणे ठेवावेत आणि विषय टॅगवर सोपवावा, ही वाटणी सर्वांत टिकाऊ ठरते. गावाच्या नावाचे जुने अवतारही टॅगमध्येच शोभतात, कारण सतराव्या शतकातील इंग्रज प्रवासी फ्रायर हे नाव ‘ग्रेबोंडेल’ असे लिहितो, आणि त्या शब्दाने नोंदवलेले पान ‘घोडबंदर’ शोधून कधीच मिळणार नाही.

तारखेचा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. मराठी पत्रांवर पुष्कळदा चंद्र आणि महिना असतो, वर्ष नसते. ते मजकुरावरून आणि जंत्रीवरून, म्हणजे निरनिराळ्या कालगणनांच्या तुलनात्मक कोष्टकावरून, ठरवावे लागते. पोर्तुगिजांनी १५८२ मध्येच नवे ग्रेगरियन पंचांग स्वीकारले होते, इंग्रज मात्र १७५२ पर्यंत जुन्या पंचांगावर होते आणि अठराव्या शतकात दोहोंत ११ दिवसांचे अंतर होते. म्हणून वसईच्या शरणागतीच्या अटी एका पुस्तकात ५ मे १७३९ च्या असतात तर दुसऱ्यात १६ मेच्या. छायाचित्राच्या फाइलमध्ये ‘एग्झिफ’ नावाची नोंद दडलेली असते. १९९५ मध्ये ठरलेल्या या पद्धतीनुसार कॅमेरा टिपण्याची वेळ स्वतःच लिहून ठेवतो. पण कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे असेल तर ती चूकही इमानेइतबारे नोंदली जाते, आणि संदेशांच्या ॲपमधून आलेल्या प्रतीत ही नोंद बहुधा पुसलेलीच असते. शिवाय जुन्या नकाशाच्या छायाचित्रावरील तारीख छायाचित्राची असते, नकाशाची नव्हे. त्या दोन तारखा दोन वेगळ्या जागी लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

मराठीत नावे देणाऱ्यांना आणखी एका अडचणीतून जावे लागले. ध्वनिफाइलच्या शेवटी गाण्याचे नाव लिहिण्याची ‘आयडी-थ्री’ ही पद्धत १९९६ मध्ये निघाली, ती मुळात रोमन लिपीसाठी. तिच्या पहिल्या रूपात नावासाठी ३० बाइट होते. यूटीएफ-८ या युनिकोड लेखनपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रेसह, ३ बाइट घेते. त्या जागेत कोणी ‘घोडबंदरचा किल्ला’ लिहू पाहिले तर ‘घोडबंदरचा’ आणि त्यापुढील मोकळी जागा मिळून २८ बाइट संपतात आणि किल्ल्याचे पहिले अक्षरही बसत नाही. नंतरच्या रूपांनी ही मर्यादा काढून टाकली. तरी जुन्या फाइलींत अर्धवट तुटलेली नावे अजून भेटतात. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांत टंकलिखित केलेल्या याद्यांची गत याहून वाईट आहे, कारण तो फॉन्ट नसेल तर मजकूर रोमन चिन्हांचा अर्थहीन ढीग होऊन दिसतो. अशा याद्या संगणक बदलण्याआधीच युनिकोडमध्ये आणणे हे कंटाळवाणे, पण संग्रहातील सर्वांत निकडीचे काम आहे.

राहता राहिला प्रतींचा प्रश्न. लिस्बन-गोवा पत्रव्यवहारात महत्त्वाचे पत्र एकाच जहाजाने जात नसे. त्याच्या ‘पहिली वाट’, ‘दुसरी वाट’ अशा खुणा केलेल्या प्रती वेगवेगळ्या जहाजांवर चढवीत, म्हणजे एक जहाज बुडाले तरी मजकूर पोहोचत असे. छायाचित्रकारांत रूढ झालेला ‘तीन-दोन-एक’ हा नियम हेच सांगतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर. २६ जुलै २००५ च्या पावसानंतर मुंबई परिसरातील तळमजल्यांवर राहणाऱ्यांना यातील तिसऱ्या अटीचे कारण समजावून सांगावे लागत नाही. प्रती एकमेकींशी जुळतात की नाही हे पडताळण्यासाठी फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेली छोटी खूणसंख्या वापरतात. मूळ फाइलमधला एक बिट बदलला तरी ती बदलते. या संख्यांची यादी संग्रहासोबत, आणि तिची एक छापील प्रत कपाटात, ठेवली म्हणजे वर्षातून एकदा सर्व प्रती तपासता येतात.