जुन्या मोटारीचें एक लहानसें बेअरिंग

श्रोतेहो, भिवंडीचें नांव निघालें कीं यंत्रमागांचा खडखडाट आपल्या कानांत घुमूं लागतो. कामवारी नदीच्या कांठीं वसलेल्या या गांवांत हातमाग पूर्वीपासूनच होते. १९३० नंतरच्या काळांत त्यांची जागा हळूहळू यंत्रमागांनीं घेतली. मुंबईच्या गिरण्यांनीं जुने म्हणून काढून टाकलेले कितीतरी माग येथें आले, आणि येथील कारागिरांनीं त्यांना पुढें कित्येक वर्षें चालतें ठेवलें. दुसऱ्यानें टाकलेल्या यंत्राकडून काम करून घेणें ही भिवंडीची जुनी विद्याच म्हणावयाची. आज मला ज्या वस्तूविषयीं बोलावयाचें आहे ती मागाची नव्हे, जुन्या मोटारीची आहे. परंतु तिच्या कुळाचा एक धागा कापडगिरणींतूनच आलेला आहे. ती वस्तु म्हणजे क्लचचें रिलीज बेअरिंग.

प्रथम क्लच म्हणजे काय तें पाहूं. जुन्या गिरणींत छताखालीं एक लांब दांडा अखंड फिरत असे, आणि त्यावरून पट्टे प्रत्येक मागाकडे उतरत. माग थांबवावयाचा झाला तर कामगार पट्टा पक्क्या पुलीवरून सैल पुलीवर सरकवी. दांडा फिरतच राही, माग तेवढा उभा राही. मोटारींतील क्लचचें कार्य तेंच आहे. इंजिनाचें जड चाक आणि दाबपट्टी यांच्यामध्यें एक तबकडी कमानींच्या जोरानें घट्ट धरलेली असते. तिच्यामार्गें इंजिनाची शक्ति गिअरबॉक्सला मिळते. चालकानें पायपट्टी दाबली कीं कमानींचा जोर निघतो व तबकडी मोकळी होते. पण येथें एक अडचण आहे. चालकाचा पाय आणि त्याला जोडलेला कांटा फिरत नाहीं. कमानी मात्र इंजिनाबरोबर मिनिटाला हजारों फेरे घेत असतात. स्थिर वस्तूनें फिरत्या वस्तूस रेटावें, आणि तरी दोहोंपैकीं एकही जळूं नये, यासाठीं जो मध्यस्थ नेमला आहे तेंच हें रिलीज बेअरिंग.

गोळ्यांच्या बेअरिंगचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. इंग्लंडमध्यें फिलिप व्हॉन याने १७९४ मध्यें गाडीच्या आंसासाठीं तशा बेअरिंगचें पेटंट घेतलें. पुढें स्वीडनमधील गोथेनबर्ग येथें स्वेन विंगक्विस्ट नांवाचा अभियंता एका कापडगिरणींत काम करीत होता. गिरणीची जमीन चिकणमातीची; ती खचे, त्यामुळें लांब दांडे वांकडे होत, बेअरिंगें तापत आणि काम बंद पडे. जमीन तर बदलतां येत नाहीं. मग दांडा थोडा वांकडा झाला तरी स्वतःच जुळवून घेईल असें दुहेरी ओळीचें बेअरिंग त्यानें १९०७ मध्यें सिद्ध केलें. त्यांतूनच एसकेएफ ही जगप्रसिद्ध कंपनी निघाली, आणि १९६० नंतरच्या दशकांत तिचा कारखाना पुण्याजवळ चिंचवड येथेंही उभा राहिला. अडचण कोठें आहे हें आधीं ओळखावें, मग उपाय निवडावा, हा त्या गिरणी-अभियंत्याचा धडा आपल्या आजच्या विषयासही लागू पडतो.

मोटारींत या बेअरिंगचे दोन संप्रदाय झाले. अमेरिकन गाड्यांत आणि मालमोटारींत बहुधा गोळ्यांचें बेअरिंग असे; तें एका नळीवरून सरळ पुढें-मागें सरके. मॉरिस व ऑस्टिन यांसारख्या इंग्रजी गाड्यांत मात्र लोखंडी वाटींत बसविलेलें ग्रॅफाइटचें कडें असे. मॉरिस ऑक्सफर्डवरून घडविलेली आपली अँबॅसडर १९५७–५८ पासून २०१४ पर्यंत बंगालमधील उत्तरपाडा येथें तयार होत होती. तिच्या जुन्या नमुन्यांत हेंच ग्रॅफाइटचें बेअरिंग आढळतें. बाजारांत त्याला ‘कार्बन बेअरिंग’ म्हणतात.

माझ्या एका स्नेह्याच्या जुन्या अँबॅसडरमध्यें असें कडें झिजलें. दुकानदारानें गोळ्यांचें बेअरिंग पुढें केलें: “हें नवें आहे, कधीं झिजणार नाहीं.” आम्हांलाही तें पटलें. थोड्याच महिन्यांत पाय ठेवतांच किंचाळी ऐकूं येऊं लागली, आणि सर्व खोलणें पुन्हा आलें. कारण साधें होतें. या गाडीचा कांटा खिळीभोंवतीं झुलतो, म्हणून बेअरिंग सरळ न जातां किंचित् कमानींत सरकतें. ग्रॅफाइट गुळगुळीत कड्यावर थोडें घसरून हा वांकडेपणा सहन करतें. गोळ्यांच्या बेअरिंगवर मात्र त्याचा आडवा ताण येतो. वस्तु वाईट नव्हती, जागा तिची नव्हती.

तेव्हां निवड करतांना तीन गोष्टी पाहाव्या. आवाज पाय ठेवतांच सुरू होतो कीं पाय काढल्यावर, हें प्रथम ऐकावें. गाडी न्यूट्रलमध्यें असतां पाय काढल्यावर होणारा आवाज बहुधा गिअरबॉक्सच्या पुढील बेअरिंगचा असतो. दुसरें, जुनें बेअरिंग टाकून न देतां नव्याशेजारीं ठेवावें, आणि व्यास, ग्रॅफाइटची उंची व दोन्ही बाजूंच्या खुंट्या कॅलिपरनें मोजाव्या. तिसरें, ज्या कड्यावर तें टेकतें त्यावर चरे पडले असतील तर तेंही बदलावें. नाहींतर नवें ग्रॅफाइट कानशीनें घासल्यासारखें झिजेल.

बसवितांना गाडी केवळ जॅकवर ठेवूं नये. खालीं भक्कम घोडे द्यावे. ग्रॅफाइटला तेल किंवा ग्रीस लावूं नये. खुंट्यांच्या दोन्ही स्प्रिंग-क्लिपा नीट बसल्या कीं नाहीं हें बोटानें चांचपून पाहावें. एवढें खोललेंच आहे तर क्लचची तबकडीही तपासावी, कारण इंजिन व गिअरबॉक्स अलग करण्याची मजुरी बेअरिंगच्या किंमतीहून किती तरी अधिक असते. शेवटीं पायपट्टीला पुस्तिकेंत सांगितलेली मोकळीक ठेवावी; ती नसेल तर बेअरिंग अखंड घासत राहतें.

अंजूरफाट्याला किंवा कल्याण नाक्याला मालमोटारींची रांग लागते, तेव्हां कित्येक चालक क्लच दाबून बसून राहतात. त्या वेळीं गिअर काढून पाय उचलावा. ग्रॅफाइटचें आयुष्य या एका संवयीनें वाढतें. भिवंडींत आतां जुने माग भंगारांत जात आहेत, आणि त्यांच्याबरोबर तें मोजमापाचें, कान देऊन ऐकण्याचें ज्ञानही जावयाची भीति आहे. जुनी मोटार घरीं असलेल्या माणसाच्या हातीं त्यांतील थोडें तरी टिकूं शकेल. म्हणून, श्रोतेहो, दुकानदारानें ‘हें नवें आहे’ म्हटलें, तर ‘पण हें येथलें आहे का?’ असें त्याला अवश्य विचारा.