अकाली जन्मलेल्या बाळाची मूत्रपिंडे : तपासणी आणि तिचा अर्थ

बडोद्याचे सर सयाजीराव जनरल रुग्णालय बडोदा वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असून मध्य गुजरातमधील सर्वसामान्य कुटुंबांचा ते मोठा आधार आहे. तेथील काय किंवा आपल्याकडे बांबोळीच्या गोमेकॉतील काय, नवजात अतिदक्षता विभागात काचेच्या पेटीतील बाळाच्या हृदयाचे ठोके आणि रक्तातील प्राणवायू यंत्राच्या पडद्यावर क्षणोक्षणी दिसत असतात. मूत्रपिंडांचे काम मात्र त्या पडद्यावर उमटत नाही. ते अप्रत्यक्ष खुणांवरूनच ताडावे लागते.

गर्भधारणेचे ३२ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळास अतिमुदतपूर्व, तर २८ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्यास अत्यंत मुदतपूर्व म्हणतात. भारतात २०२० मध्ये ३७ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळांची संख्या ३० लाखांच्या घरात होती.

अपुरी राहिलेली घडण

रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म एककांना नेफ्रॉन म्हणतात. एका मूत्रपिंडात ते सरासरी दहा लाख असतात आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक गर्भावस्थेच्या अखेरच्या तिमाहीत तयार होतात. ही घडण ३४ ते ३६ आठवड्यांपर्यंत चालते. २७व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळात ती जन्मानंतरही काही आठवडे सुरू राहते, पण गर्भाशयाबाहेरच्या प्रतिकूल परिस्थितीत. पुढे नवे नेफ्रॉन तयार होत नाहीत. त्यामुळे या काळात झालेली इजा आयुष्यभर सोबत राहू शकते.

क्रिएटिनिनचा फसवा आकडा

मूत्रपिंडांच्या कार्याचा नेहमीचा निदर्शक म्हणजे रक्तातील क्रिएटिनिन. परंतु ते वारेतून सहज ये-जा करत असल्याने जन्माच्या दिवशीचा आकडा बहुतांशी आईचा असतो. अतिमुदतपूर्व बाळात तो पहिल्या दोन-तीन दिवसांत वाढतो, कारण अपरिपक्व मूत्रनलिकांतून क्रिएटिनिन पुन्हा रक्तात झिरपते. पुढील आठवड्यांत तो हळूहळू उतरतो. म्हणून दुसऱ्या दिवशी १.० मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर हा आकडा स्वाभाविक असू शकतो. तोच तिसऱ्या आठवड्यात आढळल्यास चिंतेचा ठरतो. एकट्या आकड्यापेक्षा त्याची दिशा महत्त्वाची असते.

आणखी एक खाचखळगा प्रयोगशाळेतला. जुन्या जाफे पद्धतीत काविळीतील बिलिरुबिनमुळे आकडा चुकू शकतो. या बाळांना कावीळ वारंवार होते. त्यामुळे विकरावर आधारित पद्धत अधिक विश्वासार्ह मानली जाते. सिस्टॅटिन-सी हे प्रथिन वारेतून फारसे जात नसल्याने उपयुक्त ठरते. मात्र ही चाचणी सर्वत्र उपलब्ध नाही.

गाळण्याचा वेग अंदाजण्यासाठी श्वार्ट्झ यांचे सूत्र वापरतात : बाळाची लांबी सेंटिमीटरमध्ये घेऊन तिला ०.३३ ने गुणायचे आणि क्रिएटिनिनने भागायचे. उदाहरणार्थ, लांबी ३८ सेंटिमीटर आणि क्रिएटिनिन १.० असल्यास उत्तर सुमारे १२.५ येते. निरोगी प्रौढात हा वेग १०० च्या आसपास असतो. सूत्र अंदाजापुरतेच असल्याने पहिल्या आठवड्यात त्यावर फार विसंबता येत नाही.

लघवी, वजन आणि मीठ

बहुतेक बाळे पहिल्या २४ तासांत लघवी करतात. त्यानंतर दर किलो वजनामागे ताशी एक मिलिलिटरहून कमी लघवी होणे हा इशारा समजतात. त्यासाठी परिचारिका लंगोट कोरडा व ओला असा दोनदा तोलतात; एका ग्रॅमचा फरक म्हणजे साधारण एक मिलिलिटर. तथापि लघवी पुरेशी होत असूनही मूत्रपिंडे बिघडलेली असू शकतात. रोजचे वजन, रक्तदाब, सोडियम, पोटॅशियम आणि गरजेनुसार सोनोग्राफी यांची जोड म्हणूनच लागते. अपरिपक्व मूत्रपिंडे मीठ धरून ठेवू शकत नाहीत. किलोभराच्या बाळाच्या अंगात रक्त जेमतेम १०० मिलिलिटर असल्याने प्रत्येक चाचणीसाठी ते मोजूनमापून घ्यावे लागते.

निदान का महत्त्वाचे?

४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढले, किंवा आधीच्या नीचांकाच्या दीडपट झाले, तर तीव्र मूत्रपिंड इजा मानतात. भारतासह चार देशांतील २४ केंद्रांत झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अवेकन’ अभ्यासात २९ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या जवळपास निम्म्या बाळांत ती आढळली.

उपचाराचे बरेच निर्णय या मापनावर अवलंबून असतात. जंतुसंसर्गावरील जेंटामायसिन व अमिकासिन, तसेच हृदयाजवळची उघडी राहिलेली वाहिनी बंद करण्यासाठीचे इंडोमेथासिन व आयबुप्रोफेन ही औषधे जीव वाचवतात, पण मूत्रपिंडांना बाधकही ठरू शकतात. मात्रा किती, दोन मात्रांत अंतर किती आणि सलाइन किती, हे ठरवण्यास चाचण्यांची मदत होते.

घरी गेल्यानंतर

नेफ्रॉन कमी असल्यास उरलेल्यांवर ताण येऊन पुढे उच्च रक्तदाब व मूत्रपिंडविकाराचा धोका वाढतो. पालकांनी घरी परतताना मिळणारे कागद जपून ठेवावेत. त्यांत जन्मवेळचे आठवडे व वजन, अखेरचे क्रिएटिनिन आणि दिलेल्या औषधांची नोंद आहे की नाही, हे पाहून घ्यावे. पुढील प्रत्येक तपासणीत बाळ अकाली जन्मल्याचे आवर्जून सांगावे, रक्तदाब मोजून घ्यावा आणि वेदनाशामक औषध डॉक्टरांच्या सल्ल्याविना देऊ नये.