यंत्राने राखलेला किल्ला

प्रतिस्पर्धी समोर बसलेला नसताना डाव रंगावा कसा, हा प्रश्न संगणकाहून पुष्कळ जुना आहे. 1770 साली केंपेलेनने व्हिएन्नाच्या दरबारात बुद्धिबळ खेळणारा लाकडी ‘तुर्क’ मांडला, तेव्हा त्याच्या पेटीत हाडामांसाचा माणूस दडवावा लागला होता. माणसावाचून खरोखर खेळणारे यंत्र स्पेनच्या तोरेस केवेदोने विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केले, तेही राजा-हत्तीच्या अखेरच्या डावापुरतेच.

या परंपरेत फायरफ्लाय स्टुडिओजने घडविलेल्या, 2002 साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्ट्राँगहोल्ड क्रुसेडर’ या संगणकीय खेळास मी मानाचे स्थान देतो. धर्मयुद्धांच्या काळातील वाळवंटात शेत पिकते ते केवळ तुरळक हिरवळीवर. त्यामुळे तलवार उपसण्यापूर्वीच रसदीची चिंता उभी राहते, आणि ही चिंता खेळणाऱ्याइतकीच यंत्राने चालविलेल्या किल्लेदारांनाही वाहावी लागते. उंदीर, साप, डुक्कर आणि लांडगा हे त्यांतील चौघे; याच मालिकेच्या 2001 च्या मूळ खेळात ते कथेतील दुष्ट सरदार होते, येथे ते आपापल्या मुलुखाचे धनी झाले. प्रत्येकाच्या गढीचे आराखडे रचनाकारांनी आधीच काढून ठेविले आहेत; यंत्र त्यांतला एक उचलते आणि लाकूड-दगड हाती येईल तसतशी तटबंदी चढवीत जाते. शिबंदी कोणती ठेवावी, किती फौज जमल्यावर कूच करावे, याचेही माप ज्याचे त्याला नेमून दिलेले. म्हणूनच उंदराची गढी तोकडी आणि भालाईत दुबळे, तर लांडग्याचे तट भक्कम, स्वभाव क्रूर. उंदराची दुर्बलता ही यंत्राची उणीव नसून त्याच्या शीलाचा अंश आहे, आणि निर्दोष चाली करणारा अनामिक शत्रू जेथे विस्मृतीत जातो तेथे हा भित्रा उंदीर वर्षानुवर्षे स्मरणात राहतो, यातच रचनाकारांचे खरे कौशल्य मला दिसते.

याच पंक्तीत सलाउद्दीन आणि सिंहहृदयी रिचर्ड हे इतिहासातील पुरुषही बसविले आहेत. खेळात हे दोघे शेजारी गढ्या बांधतात, प्रसंगी एकाच पक्षातून लढतात. इतिहासात 1191 साली एकर शहराच्या वेढ्यापासून त्यांचा संग्राम पेटला, दूतांची ये-जा अखंड चालली, आणि 1192 च्या तहाने यरुशलेम सलाउद्दीनकडेच राहून ख्रिस्ती यात्रेकरूंना वाट मोकळी झाली. परंतु या दोघांची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही.