पानशेतची पोती

वारज्यात मुठेच्या काठी तुम्ही लेकीचा हात धरून उभे आहात. ११ जुलै १९६१, मंगळवारची रात्र. महामार्गाचा पूल नाही, सोसायट्या नाहीत. वारजे अजून पुणे शहराबाहेरचं शेतीचं गाव आहे. पाऊस थांबायचं नाव घेत नाही. पाण्याचा आवाज वाढतोय, गाव झोपलंय.

आता नदीच्या वरच्या अंगाला चला, खडकवासला ओलांडून पानशेतला. आंबी नदीवरचं हे मातीचं धरण अजून पुरं झालेलं नाही, तरी यंदाच घाईने पाणी अडवलंय. तळातून पाणी सोडायच्या मोरीचं काम अर्धवट आहे. लोखंडाची टंचाई, म्हणून तिच्या काँक्रीटमध्ये सळया घातलेल्या नाहीत. मोरीवरची माती खचतेय. धरणाचा माथा खाली बसतोय आणि पाणी वर चढतंय.

माथ्यावर लष्कराचे जवान आहेत. जवळ जा. एक जण पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी ताणून धरतो, दुसरा फावड्याने माती लोटतो. तोंड आवळलं की पोतं तिसऱ्याच्या पाठीवर. बूट चिखलात रुततात. रचलेला थर खचला की त्यावर दुसरा थर. पायाखालची माती कुठल्याही क्षणी जाईल, हे त्यांना दिसतंय. तरी कुणी मागे सरत नाही.

“यांचा शत्रू कुठंय?” लेक विचारते.

तिला सांगा, शत्रू नाही. खाली झोपलेली माणसं आहेत. त्यांतल्या एकालाही हे जवान ओळखत नसतील.

१२ जुलैची सकाळ. पानशेत फुटतं. पण रात्री नाही, उजाडल्यावर. त्या पोत्यांनी हे काही तास मिळवून दिले.

वारज्यात परत या, मात्र काठापासून लांब, उंचावर थांबा. पानशेतचा लोंढा खडकवासल्यात कोसळतो आणि इंग्रजांच्या काळातलं ते दगडी धरणही फुटतं. समोरून गढूळ पाणी शहराकडे धावतं. पुढे लकडी पूल बुडतो, नारायण आणि शनिवार पेठेतले वाडे ढासळतात. कित्येक जीव जातात, हजारो संसार उघड्यावर येतात. तरीही लोक जागे होते, म्हणून असंख्य माणसं घर सोडून पळू शकली.

नंतरचंही लेकीला दाखवा. सनदी अधिकारी स. गो. बर्वे पुनर्वसनाची धुरा घेतात. गोखलेनगर, लोकमान्यनगरसारख्या वसाहतींत पूरग्रस्तांच्या चुली पुन्हा पेटतात. चौकशी आयोग बसतो आणि धरणाच्या कामाचा जाब विचारला जातो.

मुलांना देशप्रेम शिकवताना आपण बहुतेकदा गोष्टीचा अर्धा भागच सांगतो. जवानांचं शौर्य सांगतो, घाईत झालेल्या कच्च्या कामाचं बोलत नाही. पण सळया न घालता मोरी बांधली जाते, तेव्हा त्याची किंमत कुणाला तरी पाठीवर पोती वाहून मोजावी लागते. चोख काम करणारा इंजिनिअर, खरा अहवाल लिहिणारा अधिकारी, वेळेवर प्रश्न विचारणारा नागरिक, हेही देशाचेच राखणदार.

येत्या १२ जुलैला झेंडा, घोषणा काही नको. मुलांना मुठेकाठी घेऊन जा आणि ही गोष्ट सांगा. पोत्यांची सांगा, मोरीचीही सांगा. दोन्ही सांगितल्याशिवाय ती पुरी होत नाही.