सोलापूर : सोळा गांवें कीं सोन्नलगे?

गांवाच्या नांवाची उपपत्ति सांगण्याचा आपल्या लोकांस मोठा छंद आहे. सोळा गांवें मिळून झालें तें ‘सोळापूर’, आणि त्याचेंच पुढें ‘सोलापूर’, ही समजूत सोलापुरांत घरोघर ऐकूं येते. आदिलपूर, अहमदपूर, फत्तेपूर, महंमदपूर, शेखपूर, सोनलगी, संदलपूर, सोलापूर इत्यादि सोळा नांवेंहि सांगण्यांत येतात. यादीच हातीं असल्यावर शंकेस जागा ती कोठें उरली, असें वाचकांस वाटेल. पण आमच्या मतें ही यादीच त्या समजुतीविरुद्ध साक्ष देते.

आदिलपूर, महंमदपूर हीं नांवें मुसलमानी अमदानीपूर्वीचीं असणें संभवत नाहीं. उलट, बाराव्या शतकांत, कल्याणीच्या कलचुरींच्या काळीं, शिवयोगी सिद्धरामेश्वरांच्या या क्षेत्रास शिलालेखांत ‘सोन्नलगे’ म्हटलें आहे. मोहोळ तालुक्यांतील कामती येथील शके १२३८ (इ. स. १३१६) च्या संस्कृत लेखांत ‘सोनलीपूर’ असें रूप येतें. सोलापूरच्या किल्ल्यांतील एका लेखांत ‘सोनलपूर’, तर तेथील विहिरीवरील लेखांत ‘संदलपूर’ आढळतें. ‘सोनलपुरां’तील ‘न’ गळाला, कीं सोलापूर सिद्ध झालें. म्हणजे सोनलगी, संदलपूर व सोलापूर हीं यादींत तीन गांवें म्हणून मोजलेलीं नांवें वस्तुतः एकाच गांवाचीं दिसतात!

याच जिल्ह्यांतील पंढरपुराची कथा फारशी निराळी नाहीं. शके ११५९ (इ. स. १२३७) च्या होयसळ लेखांत त्यास ‘पंडरगे’ म्हटलें आहे. दोन्ही नांवांच्या शेवटीं असलेला ‘गे’ कानडी वळणाचा. त्याची जागा पुढें संस्कृत ‘पुरा’नें घेतली. सिद्धरामांचीं वचनें कानडींत आहेत. त्यांच्या नगरीच्या नांवाचा उगम मराठी ‘सोळा’ या अंकांत शोधणें मुळांतच सयुक्तिक नाहीं.

तथापि लोकांची ती कथा आम्हांस टाकाऊ वाटत नाहीं. जुन्या शब्दाचा अर्थ विसरला, म्हणजे समाज आपल्या भाषेंत त्यास नवा अर्थ देतो. परकें वाटणारें नांव आपलेंसें करण्याची ती रीतच आहे. १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेपासून मराठी व कानडी यांमधील सीमेचे तंटे आपण पुष्कळ ऐकिले, आणि त्यांत गांवांचीं नांवें पुराव्यादाखल पुढें केलेलींहि पाहिलीं. सोलापूर हें नांव मात्र कोणाहि एका पक्षाची साक्ष देण्यास तयार नाहीं. त्याचें मूळ कानडी वळणाचें, शेवट संस्कृत, आणि आजचें रूप मराठी जिभेवर रुळलेलें. ज्या भूमींत दोन्ही भाषा शतकानुशतकें शेजारीं नांदल्या, तेथील गांवाचें नांव याहून निराळें तें काय असणार?