खोट्या वाक्याचा अर्थ: नैयायिक आणि वैयाकरण यांचा जुना वाद

वाक्याचा अर्थ कळणे आणि ते वाक्य खरे असणे यांचा संबंध काय, हा प्रश्न संस्कृत शास्त्रांत कित्येक शतके एका इवल्याशा उदाहरणाभोवती फिरत राहिला: ‘अग्नीने शिंपतो’. शब्द ओळखीचे, विभक्ती बरोबर. पण अग्नी पातळ नाही, त्याने शिंपणार कसे? असे वाक्य ऐकून अर्थबोध होतो की नाही, यावर नैयायिक (न्यायदर्शनाचे तार्किक) आणि वैयाकरण (व्याकरणशास्त्रज्ञ) यांचे कधीच जुळले नाही.

नैयायिकांची अडचण त्यांच्या मूळ भूमिकेतच होती. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान यांच्या पंगतीला त्यांनी शब्दालाही प्रमाण म्हणून बसवले होते. शब्द हे ज्ञानाचे साधन ठरल्यावर वाक्यार्थ सत्यापासून सुटा करणे त्यांना परवडणारे नव्हते. १४ व्या शतकात मिथिलेत गंगेश उपाध्यायाने लिहिलेल्या ‘तत्त्वचिंतामणी’चा चौथा खंड याच प्रमाणाला वाहिलेला आहे. शाब्दबोधासाठी, म्हणजे वाक्य ऐकून होणाऱ्या ज्ञानासाठी, आकांक्षा (शब्दांना एकमेकांची असलेली अपेक्षा) आणि आसत्ती (शब्दांची जवळीक) यांच्याबरोबर योग्यताही हवी, म्हणजे शब्दांनी सांगितलेल्या वस्तूंचा परस्परसंबंध बाधित नसावा, असे नैयायिक मानत.

पण योग्यता म्हणजे नेमके काय? तो संबंध प्रत्यक्षात असलाच पाहिजे असे म्हटले, तर खोटे बोलणेच अशक्य होते. ‘नदीकाठी पाच फळे आहेत’ असे कोणी थापेबाजाने सांगितले, तर ऐकणारा नदीकडे धावतोच. अर्थ कळल्याशिवाय तो धावेल कसा? म्हणून योग्यतेची अट सैल करण्यात आली. वाक्य खरे नसले तरी चालेल, पण ते बाधित असल्याची खात्री ऐकणाऱ्याला नसावी. त्यामुळे थाप समजते आणि अग्नीचे वाक्य अडते. तोडगा चतुर खरा, पण वाक्याला अर्थ आहे की नाही हे आता ऐकणाऱ्याला काय माहीत आहे यावर ठरू लागले. १७ व्या शतकात नवद्वीपच्या जगदीश आणि गदाधर या नैयायिकांनी शाब्दबोधाची चर्चा फार बारीक, आजच्या वाचकाला कधी कधी नको इतकी बारीक, करून ठेवली.

वैयाकरणांनी ही गाठ पूर्वीच सोडवायला घेतली होती. ‘अंकुर उगवतो’ या वाक्यात अंकुर आधीच असेल तर उगवायचे काय, आणि नसेल तर उगवणारा कोण? ५ व्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या भर्तृहरीने शब्दाच्या अर्थाला बाहेरच्या अस्तित्वापेक्षा निराळी, उपचाराने मानलेली सत्ता दिली. हाच धागा काशीत नागेशभट्टाने १८ व्या शतकात शेवटास नेला. काळे आडनावाचा हा पंडित महाराष्ट्रीय घराण्यातला. शब्दाचा अर्थ नेहमी बुद्धीतला असतो, त्यामुळे बाधाचा प्रश्नच उद्भवत नाही, असे त्याचे म्हणणे. ‘अग्नीने शिंपतो’ म्हणणाऱ्याला लोक हसतात, पातळ नसलेल्या वस्तूने शिंपणार कसे म्हणून टोकतात. अर्थच कळला नसता तर हसू आले असते का? बाधज्ञान आड येते ते बोधाच्या नव्हे, तर त्या बोधावरच्या विश्वासाच्या. नैयायिकांच्या सगळ्या सूक्ष्मतेपुढे हा हसण्याचा दाखला वरचढ वाटतो.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात सत्य आणि वाक्यार्थ यांची सांगड वेगळ्या वाटेने बसली. गॉटलोब फ्रेगेने १८९२ च्या निबंधात वाक्याचा आशय त्याच्या सत्यासत्यतेपासून वेगळा केला. वॉर्साच्या आल्फ्रेड टार्स्कीने १९३३ मध्ये आकारिक भाषांसाठी सत्याची व्याख्या दिली, आणि १९६७ मध्ये डोनाल्ड डेव्हिडसनने तिच्याच आधारे नैसर्गिक भाषेच्या अर्थाचा सिद्धांत उभारता येईल असे मांडले: वाक्य कोणत्या परिस्थितीत खरे ठरेल हे सांगता आले की त्याचा अर्थ हाती येतो. या चौकटीत ‘अग्नीने शिंपतो’ हे अर्थपूर्ण पण असत्य वाक्य म्हणून सहज बसते. ऑक्सफर्डमध्ये शिकवणाऱ्या बिमलकृष्ण मतिलाल यांनी भारतीय आणि पाश्चात्त्य या दोन परंपरा समोरासमोर ठेवल्या. टार्स्की आणि डेव्हिडसन यांचा विषय वाक्य हा होता. नैयायिकांचा, वाक्य ऐकून उपजणारे ज्ञान.